दोनापुढचं शून्य

४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे तब्येतीनं बरे आहेत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. आपली भिंगरी लांब उडीत शाळेच्या संघात जाणार म्हणून मी कारखान्यात सगळ्या सुतारांना सांगून बसलो होतो. निवड झाली ती मुख्याध्यापकांच्या भाचीची! आणि आकडे फलकावर लिहिलेत. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आपली पोर तिच्यापेक्षा नऊनं पुढे आहे. चांगली नऊनं!

पोरीला विचारलं तर ती जाऊ द्या म्हणते आणि पायाकडे बघत बसते. तिला कुणीतरी दम दिलाय, असा माझा पक्का संशय आहे. आता रोज सकाळी कारखाना उघडायच्या आधी मी मैदानावर जाऊन वाळूच्या खड्ड्याशी बसतो. खेळाच्या बाई टेप कुठून कुठे धरतात त्यावर माझी नजर असते. हिचं म्हणणं, मी उगाच राईचा पर्वत करतोय. हिला सगळं जग भोळं दिसतं.

तू स्वतः मास्तरीण. तुमच्या लोकांत हे असं चालतं का, ते कळव. माया आहेच, ती या पत्राच्या उत्तरात दिसावी.
तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. हसू तुझं. लहानपणी आई खाऊ वाटायची तेव्हा तू आधी माझी मूठ उघडून बघायचास, मग स्वतःची. पण राग खरा आहे. नऊ सेंटिमीटर म्हणजे उडीत थोडंथोडकं नव्हे. एवढी पुढे असलेली मुलगी मागे राहते आणि मुख्याध्यापकांची भाची जाते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. अशा वेळी गप्प बसू नये. बाईंना सरळ विचार, पण तोंड सांभाळून. तुझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

भिंगरीचं गप्प बसणं मला काही ठीक वाटत नाही. ती पोर झोपेतसुद्धा बडबडते. तिला जवळ घेऊन विचार.

तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग, आणि तिचं अधूनमधून ऐकत जा. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाणी मुरतंय म्हणालीस, इथे तर अख्खी विहीर निघाली. ऐक. मी बाईंना फलकापाशी नेलं आणि बोट ठेवून दाखवलं. भिंगरी ३.११, भाची ३.२. आपल्या धंद्यात ३.११ म्हणजे तीन फूट अकरा इंच, चार फुटाला जेमतेम एक इंच कमी. हे मीटर आहेत ते मला ठाऊक आहे, पण टिंबाच्या पुढे अकरा मोठे की दोन, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. तर त्या बाईंनी काय करावं? खडू घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या दोनापुढे शून्य ओढलं! दोनाचे वीस केले! वर मलाच म्हणतात की यानं काही फरक पडत नाही. फरक पडत नाही तर शून्य ओढलं कशाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

येत्या शनिवारी पालकांची सभा आहे. मी तक्रार लिहून काढली आहे, चार पालकांनी सह्या केल्यात. या बाई कायम नाहीत, हंगामी आहेत. एका तक्रारीत घरी जातील. भिंगरी हे ऐकून रडली आणि जेवली नाही. बघ, केवढा धाक घातलाय पोरीला!

तुझ्या पाठिंब्यानं बळ आलं. पाठीवरचा हात काढू नकोस.
तुझा,
धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर. आधी ती तक्रार खिशातून काढून बाजूला ठेव.

अरे, तू नऊनं पुढे म्हणालास आणि मी विश्वास ठेवला. ती नऊनं मागे आहे! बाईंनी ओढलं ते शून्य मी पाचवीच्या वर्गात दरवर्षी ओढते. मग मीही लबाड का? मीटरचे आधी दहा भाग होतात. टिंबापुढचं पहिलं घर या भागांचं. भाचीकडे असे दोन भाग आहेत. भिंगरीकडे एक, आणि पुढचा जो एक आहे तो त्या भागाच्या दहाव्या हिश्शाचा. तुझ्या फुटाचे इंच बारा, म्हणून तुझ्या टिंबापुढे अकरा चालतात. इथे ते अकरा नव्हेत, एक आणि एक.

आता म्हणशील, मास्तरणी एकमेकींना सांभाळून घेतात. तर माझं ऐकू नकोस. एक मीटरची पट्टी काप, तिचे दहा सारखे भाग कर, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कर. मग दोन्ही उड्यांच्या लांबीच्या पट्ट्या कापून शेजारी शेजारी ठेव. लाकूड कुणाची भाची नसतं.

आणि एक शंका. भिंगरी सहावीत आहे. हे गणित तिला येतं. मग ती तुला बोलली का नाही?

एका हंगामी बाईची भाकरी तुझ्या हातात आहे रे. माझं प्रेम हवं असेल तर शनिवारी मान खाली घालून जा.
तुझी,
ताई

२२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
कान धरून नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी तुझ्यावरही संशय घेतलाच. पण पट्ट्या कापल्या. मीटरचे दहा भाग करताना हात सराईतपणे चालला, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तेव्हा मात्र थांबला. भिंगरीची पट्टी माझ्या चार बोटांएवढी आखूड भरली. करवत माझी, हात माझा, लाकूडही माझंच. संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी दोन्ही पट्ट्या घेऊन सभेला गेलो. सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली आणि तक्रार फाडली. मला रडू आलं, ते लपवलं नाही. बाईही रडल्या. त्यांनी सामानाची आवराआवर सुरू केली होती, असं नंतर कळलं.

घरी येऊन भिंगरीला जवळ घेतलं आणि विचारलं, ठाऊक होतं तर बोलली का नाहीस. म्हणाली की अन्याय झालाय असं वाटलं म्हणून तुम्ही रोज मैदानावर यायला लागलात. याआधी एकदाही आला नव्हतात. मी खरंच हरले असं सांगितलं असतं, तर तुम्ही परत कारखान्यात गेला असतात.

आज सकाळीही खड्ड्याशी जाऊन बसलो. एका पालकानं विचारलं, तक्रार तर मिटली, आता कशाला येता? मी म्हटलं, माझी मुलगी हरली आहे, म्हणून येतो. टेपचं एक टोक आता बाई माझ्या हातात देतात.

तू होतीस म्हणून वाचलो. अशीच रागावत राहा.
तुझा,
धाकटा