सुक्या मार्टिनचा परिपाक

प्रिय ओताविया,

तुझं पत्र पोचलं. अदेल्मो गेल्यापासून तुम्हा नवराबायकोच्या ज्या घरात तू एकटी राहते आहेस, ते आता नोव्हेंबरात सोडायचं, मिलानचा लेक 'आई, इकडेच ये' म्हणतो, आणि तू मला विचारतेस, काय करू? या गहन प्रश्नावर मी नाशपातीविषयी लिहिणार आहे. लॅटिनच्या मास्तराकडून सरळ उत्तराची अपेक्षा तू तरी कधी ठेवली होतीस?

आमचं नाशपातीचं झाड, सुका मार्टिन, यंदा लगडलं होतं. तोच, खरबरीत तांबूस सालीचा, उन्हाच्या बाजूने किंचित लाजलेला. तोडणीच्या दिवशी नव्या पाद्रीबाबांनी एक फळ सरळ चावलं आणि गाल धरून म्हणाले, "मास्तर, हे फळ की प्रायश्चित्त?" कुंपणापलीकडून शेजारची देल्फीना म्हणाली, "घाई होती तर पीच खायचे होते, बाबा." तिचं खरं आहे. झाडावरून उतरवताना हा निव्वळ दगड. पेंढ्यावर, एकमेकांना न टेकवता ठेवावा. बाहेर बर्फ साचत जातं, आत हा मुकाट्याने गोड होत जातो. मग देठासालीसकट, लवंग घालून, लाल वाइनमध्ये मंद शिजवावा. इतर फळांचा अशा वेळी लगदा होतो. हा काठिण्य सोडतो, आकार नाही. केवळ भविष्यकाळातच चालणारा धातू म्हण. पन्नाशी उलटलेल्यांना तो आवडावा, यात नवल नाही.

दरवर्षी ही फळं माडीवरच्या मोठ्या खोलीत असतात. यंदा ती माझ्या शब्दकोशांच्या फळ्यांवर आली आहेत. देल्फीनाने विचारलंच, "मास्तर, फळांनी सान मार्टिन केलं वाटतं?" (नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला घरं बदलतात, म्हणून बिऱ्हाड हलवण्याला आपण असं म्हणतो, हे तुझ्या मिलानकर लेकाला सांगून बघ, कुठल्या चर्चमध्ये, असं विचारील.) मी म्हटलं, खोलीत हवा खेळावी म्हणून. तर म्हणते, "मग हवेला नवे पडदे कशाला?"

पडदे निळे आहेत, ओताविया. खिडकीतून द्राक्षमळे दिसतात. नाताळात लेकाकडे जाऊ, दोघंही. बिऱ्हाड मात्र इकडे आण. होकार असेल तर पत्र नको, सामानाची गाडीच पाठव. नकार असेल तर सविस्तर लिही, म्हणजे निदान व्याकरणाच्या चुका तरी काढता येतील. इतकी वर्षं पत्राखाली 'तुझा मित्र' लिहीत आलो. आज त्यातला एक शब्द गाळतो आहे.

तुझाच,
एवाझिओ