कार पार्कमागचं झाड

शनिवार, ऑगस्टअखेर. वेस्टमीड.

केतकीने आज आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकलं, 'सिडनीत चेरी ब्लॉसम कुठे बघाल?' पहिल्या नंबरवर हॉस्पिटलच्या कार पार्कमागचं झाड. माझं झाड! लॅबमधून सुटले की मी तिथे एकटी डबा खाते. गेल्या आठवड्यात मीच तिला दाखवलं. काल तिने पिकनिकला माझी सोलापुरी चादर मागितली, तीही दिली. आता फोटोत बाईसाहेब त्याच चादरीवर, नथ घालून! खाली लिहिलंय, 'माझी सीक्रेट जागा'. तिची? सगळ्यांनी हार्ट दिले. मीही दिला, न देऊन करते काय! आणि मेली दिसतेयही किती छान. आत्ता तिचा मेसेज आला, "अगं, चादर धुऊन परत देते हं."

चादर देईल. झाड कसं परत मागू?