सात तुकडे, थाप पाचव्यावर

३ मे १९६२, पालघर
आजपासून पोर्तुगीज. गोव्यातल्या जुन्या दप्तरासाठी पोर्तुगीज वाचणारा क्लार्क हवा आहे. इंटरव्ह्यू ११ जुलैला, मुंबईत. इथे आवक-जावक लिहून अकरा वर्षं झाली, पुरे. तालुक्यातून दुसरं अॅप्लिकेशन नाही, म्हणजे मी लागल्यातच जमा. रोज पहाटे दोन तास.

४ मे
पहाटे जाग आली नाही. पुस्तक चाळलं. क्रियापदं हातभर लांब.

९ मे
मेथड सापडली. आजोबांनी मला रुद्र असाच शिकवला: आधी पाठांतर, अर्थ मागाहून. (रुद्राचा अर्थ अजून राहिलाच आहे. अडलं कुठे?) शब्दाचे तुकडे पाडायचे आणि जोर असेल त्या तुकड्याला पाटावर थाप. फा-ला-री-आ-मुश. पाच तुकडे, थाप तिसऱ्यावर. अर्थ इंटरव्ह्यूनंतर.

२० मे
सौ. इंदूने विचारलं, एवढं बडवताय त्याचा अर्थ काय. सुरुवातीलाच अर्थात शिरलं की माणूस भरकटतो, असं समजावलं. तिला पटलं असावं, कारण लगेच आत जाऊन पोळ्या लाटू लागली.

२ जून
इथल्याच माहीम गावच्या साखरबाई विड्याची पानं घेऊन दारावर आल्या. दमणला फिरंग्याच्या घरी सोळा वर्षं स्वयंपाकाला होत्या. माझं ऐकून म्हणाल्या, भाऊ, बोलता बरं, पण काय बोलता ते तुमाला ठावं हाय का? नाय तर मी सांगते. मी म्हटलं, आधी तुकडे पाडून दाखवा. तर म्हणे, तोडायचा कशाला, आख्खाच बोलायचा. शिक्षण नाही, दुसरं काय. पानं मात्र कोवळी होती.

२४ जून
आज शिखर गाठलं. आ-ग्रा-दे-से-री-आ-मुश! सात तुकडे, थाप पाचव्यावर. पाट फुटला. नवा गोव्यातच घेऊ. घरमालक धर्माजींना सांगून टाकलं की जुलैअखेर खोली रिकामी करतो. इंदू म्हणाली, अहो, निकाल तरी लागू द्या. बायकांना पुढचं दिसत नाही.

१२ जुलै
इंटरव्ह्यू फर्स्टक्लास. आत पाऊल टाकलं तोच साहेबांनी चिठ्ठी पुढे केली. पहिलाच शब्द माझा, सात तुकड्यांचा. खणखणीत वाचला. साहेब बघतच राहिले. पुन्हा वाचा म्हणाले. मग आणखी एकदा, इतकं आवडलं. शेवटी हसून पुरे म्हणाले. उभ्यानेच आटोपलं, पण तिकडची शिस्त तशी असेल. चिठ्ठी आठवण म्हणून मागून आणली.

१३ जुलै
पेढे वाटले. साखरबाईंनाही दिला आणि चिठ्ठी ऐकवली. त्यांचा पेढा हातातच राहिला. म्हणाल्या, आमची बाईसाहेब येनाऱ्या पावन्याला हेच म्हनायची. म्हंजे, दार लावून बसलात तर उपकार होतील.
इंदूने हळूच विचारलं, मग लावलंत का?
सबंध वेळ उघडं होतं. वारा इतका की चिठ्ठी दोन्ही हातांनी धरावी लागली.

१४ जुलै
धर्माजी घिवलीचं एक बिऱ्हाड घेऊन खोली दाखवायला आले. त्यांना पसंत पडली. जाताना दार उघडंच टाकून गेले. मी उठून लावलं. मग बसलो.