धाकट्याच्या सुटकेचा अर्ज

३ मार्च
धाकट्या भावाचं चोरीच्या खटल्यातलं अपील फेटाळलं. दोन वर्षांच्या शिक्षेपैकी एक वर्ष आत गेलं, एक उरलं. वकील म्हणतो, आता एकच दार उघडं आहे, हेबियस कॉर्पस. कैद्याला कुठल्या हक्काने डांबलंय, हे तुरुंगाने कोर्टापुढे सिद्ध करायचं. वा! असं शस्त्र असताना वकील कशाला? अर्ज मीच लिहिणार. महिन्याभरात धाकटा घरी.

५ मार्च
वकिलाचा सल्ला : मुद्दा एकच घ्या. चौकीदाराच्या पहिल्या जबाबात चोर ठेंगणा होता. पोलिसांनी तो जबाब दडपला. धाकटा सहा फूट. चार पानांत संपवा. चार पानांत! चार पानांत अन्याय मावला असता तर लोकांनी क्रांत्या कशाला केल्या असत्या?

२० एप्रिल
पान साठ. अजून गुलामगिरीच्या इतिहासावरच आहे. धाकट्याच्या खोलीत, त्याच्याच टेबलाशी बसतो. आज भर दुपारी पाठीमागे कोणीतरी उभं राहिलं. वळलो. खुंटीवर त्याचा शर्ट. भावजय दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून तिथेच टांगते. कोणी घालत नाही तर धुतेस कशाला, म्हटलं. म्हणाली, दादा, माणूस तुम्ही आणताय ना? मग कपडे नकोत तयार?

११ जून
अर्ज परत. म्हणे पंचवीस पानांची मर्यादा! खिडकीवरचा कारकून म्हणाला, काका, कैदी कोण ते एकशेचारव्या पानावर कळतं. अरसिक. एक ओळ कापणार नाही.

२ सप्टेंबर
तुरुंगात भेट. काचेपलीकडे धाकटा, वाळलेला. त्याला प्रस्तावना वाचून दाखवली. तेवढ्यात वेळ संपली. त्याला काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. परतताना भावजय बसमध्ये चार सीट पुढे जाऊन बसली. भारावली असणार.

९ नोव्हेंबर
शर्ट कपाटात कोंबला, कुलूप घातलं. तरी पाठीशी कोणीतरी आहेच. हल्ली वळून बघत नाही. भावजय पुन्हा : चार पानं लिहून द्या, मी नेऊन देते. चोरीचा शिक्का पुसला तरच ह्यांची लिफ्ट कंपनी ह्यांना कामावर परत घेईल. म्हटलं, धीर धर. इतिहास असा घाईत घडत नाही.

१८ जानेवारी
मन मोठं केलं. चोवीस पानं! कापताना रडलो. सोमवारी दाखल. फक्त शेवटचं वाक्य जमायचंय.

२७ फेब्रुवारी
शेवटचं वाक्य जमलं. कोर्टात गेलो. तोच कारकून. कॉम्प्युटरवर नाव शोधून म्हणाला, काका, ह्यांची शिक्षा भरली, सकाळीच सुटले. सुटलेल्या माणसासाठी हा अर्ज घेता येत नाही. मी विचारलं, आणि शिक्का? म्हणाला, तो राहिला. काल आला असतात तरी चाललं असतं.

भावजय चार दिवस काहीतरी सांगत होती खरी. मी त्या वाक्यात होतो.

घरी आलो. दार सताड उघडं आणि धाकटा बाहेर, पायपुसण्याच्या अलीकडे उभा. भावजय आतून म्हणत होती, अहो, या ना, तुमचंच घर आहे. तो हलेना. मी घसा खाकरला, स्वागताचे चार शब्द तयारच होते. आवाज ऐकताच त्याने हात मागे बांधले, मान खाली घातली आणि विचारलं, आत जाऊ का?

मला 'जा' म्हणता येईना. भावजयीनेच बाहेर येऊन त्याला हाताला धरून नेलं.