सहाव्या चौकोनावरची रेघ

१४ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. डब्यातलं सगळं संपलं, त्यातलं निम्मं खोलीतल्या मैत्रिणीने संपवलं आणि तुला नमस्कार सांगितलाय. गेल्या सत्रात काचेची ब्युरेट फुटून अंगठा कापला होता ना, तो भरला. आडवी खूण मात्र राहिली. बाबांना म्हणावं, छत्री विसरले नाही. ती मोडली, हा वेगळा मुद्दा.

सोबत शेवटच्या वर्षाच्या आराखड्याचा फॉर्म आहे. पदवीची सहा सत्रं, म्हणून सहा चौकोन. प्रत्येक सत्रात वीस क्रेडिट भरायला हवीत, म्हणजे चार-चारचे पाच विषय. पहिल्या चार चौकोनांत झालेले विषय आहेत, पाचव्यात आता घ्यायचे. सहावा नियोजनाच्या बाईंनी कोरा ठेवलाय. या बाई म्हणजे रसायन विभागात सगळ्यांचे विषय ठरवून देणाऱ्या. कानामागे कायम पेन्सिल, आणि आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकायचं. त्या म्हणाल्या की सहावा सगळ्यांचाच कोरा असतो, तिथे पोचल्यावर ज्याचा त्याने भरायचा.

खाली पालकाची सही हवी. तूच कर. बाबा न वाचता करतील आणि चुकीच्या जागी करतील.

माया आहे तशीच ठेव.
तुझी, भिंगरी


२२ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायाला भिंगरी आहे हे माहीत होतं, आता हातालाही लागलेली दिसते. अक्षर सावकाश काढत जा, वाचायला चष्मा पुरत नाही. आम्ही दोघं ठीक. तुझ्या नावाने रोज देवापुढे हात जोडते. अभ्यास मात्र देव करणार नाही, तो तुलाच करावा लागेल.

फॉर्म नीट वाचला. प्रत्येक चौकोनाची बेरीज करून पाहिली, पाचही ठिकाणी वीस. कॉलेजवाल्यांना बेरीज येते म्हणायची. दुसऱ्या वर्षी गणित सोडलंस हे मात्र मला त्या कागदावरून कळलं. तू तर म्हणाली होतीस की जागा भरल्या. असो.

सहावा चौकोन कोरा होता. मी मॅट्रिक होऊन या घरात आले आणि पहिल्याच महिन्यात तुझ्या आजोबांनी घरची वही माझ्या हाती दिली. आयुष्यभर हेडक्लार्क होते ते. त्यांनी एकच गोष्ट पढवली, की सही करायच्या कागदावर कोरी जागा ठेवायची नाही. तिरकी रेघ ओढायची, म्हणजे आपल्यामागे कुणी तिथे काही घुसडत नाही. तशी ओढली आहे. पट्टी लावून, शाईने.

हे पत्र कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. कोरा कागद उगाच कशाला मोडा. पोचल्याचं कळव, आणि आई म्हणेल ते ऐकत जा.
तुझी, आई


९ ऑगस्ट

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

एक गंमत सांगते. गंमतच आहे, असं मी स्वतःला सांगते आहे.

प्रयोगशाळेत आम्हाला कपाटं मिळाली. किल्लीच्या बिल्ल्यावर परत करायची तारीख असते. सगळ्यांची मे महिन्यातली, माझी डिसेंबरची. ग्रंथालयाच्या कार्डावरही डिसेंबर. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला की तुमचं तेवढंच आहे, आणि पुढच्याला हाक मारली. मग प्रयोगवह्या वाटल्या. सगळ्यांच्या एकशेवीस पानांच्या, माझी साठाव्या पानाला संपली. पानं फाडल्याची खूण नाही, शिवण अगदी मधोमध. बदलून घेतली, तर दुसरीही साठच.

हे सगळं छापखान्याच्या माथी मारता येईल. पण काल खोलीतली मैत्रीण परीक्षेनंतरच्या सहलीची डोकी मोजत होती. मी समोर बसलेली आणि तिने मला सोडून मोजलं. मी म्हटलं, मला धर की. ती म्हणाली की तू कुठे असणार आहेस तेव्हा. अगदी सहज, वही बघत. मग स्वतःच दचकली. आता म्हणते की ती असं बोललीच नाही.

कार्यालयात जाऊन माझा फॉर्म पाहिला. वर्गात बाकी सगळ्यांचा सहावा चौकोन कोरा आहे. रेघ फक्त माझ्याच चौकोनावर.

तू काळजी करू नकोस. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस, एवढंच.
तुझी, भिंगरी


१८ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि तुला चार शब्द सुनावणारं उत्तर लिहायला घेतलं. ते पुरं झालं नाही, त्याचं कारण सांगते.

तुझ्या बाबांना म्हटलं, पोरगी पदवी घेऊन येईल, तिच्या खोलीत पुस्तकांना भिंतीत एक फळी ठोकून द्या. ते दाढी करत होते. म्हणाले की जानेवारीपासून ती खोली भाड्याने द्यायची, तिथे फळी कशाला. मी जवळ जाऊन विचारलं की काय म्हणालात. गालावरचा साबण पुसत म्हणाले, कुठे काय. त्यांना काही म्हणजे काही आठवेना. तुझे बाबा, जे तुझा पडलेला पहिला दात अजून पाकिटात ठेवतात.

मग घरची वही काढली. घरात कोणत्या महिन्यात किती माणसं जेवायला, हे मी दर जूनमध्ये पुढच्या वर्षभराचं लिहून ठेवते, म्हणजे डाळ-तांदूळ बेताने भरता येतो. तुझ्या सुट्टीच्या महिन्यांत नेहमी तीन असतात. येत्या मे महिन्यापुढे दोन लिहिलंय. अक्षर माझंच आहे. हे कधी लिहिलं ते मला सांगता येणार नाही.

सकाळी देवापुढे बसले, पण प्रार्थनेत मन लागेना. ही रेघ माझ्या हातची. त्या बाईंना गाठ आणि विचार की ती पुसायची कशी. लाजू नकोस. आई अडाणी आहे म्हणून सांग, हवं तर.

उत्तर लगेच टाक. वाट पाहते आहे.
तुझी, आई


३० ऑगस्ट

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बाईंना भेटले. त्यांनी फॉर्म उजेडासमोर धरला. मग म्हणाल्या की शाई खोडता येत नाही आणि दुसरा फॉर्म नसतो. कोरा असता तर तो माझा मलाच भरता आला असता. आता जिने रेघ ओढली तिनेच रेघेवरून विषय लिहायचे. पण बेरीज वीसच यायला हवी, आणि प्रत्येक विषयाआधी जो विषय लागतो तो झालेला हवा. एक जरी चुकला तरी चौकोन भरला असं होणार नाही. आणि मी तुला काही सुचवायचं नाही, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझी आई मॅट्रिक आहे. त्या म्हणाल्या की बेरीज येते ना.

बाहेर आले तर भांडारवाले काका थांबलेले. हे आम्हाला काचसामान देतात आणि फुटलं की आम्हाला फैलावर घेतात. त्यांनी मला आत नेऊन सतरा नंबरची खुंटी दाखवली. तिथे एक एप्रन टांगलेला आहे. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा. तिच्या फॉर्मवर तिच्या काकांनी अशीच रेघ ओढली होती. पाचव्या सत्राचा निकाल लागला, त्यापुढे कशातच तिची नोंद नाही. शाळेत नोकरी लागली, आजारी पडली, लग्न झालं, असं काहीही कुणी सांगत नाही. घरून विचारायला कुणी आलं नाही. मला वाटतं, त्यांनीही दोनच माणसं लिहिली असतील.

एप्रनच्या बाहीवर काळे ठिपके होते. सिल्व्हर नायट्रेटचा डाग पडतो तेव्हा दिसत नाही, उजेड लागला की हळूहळू काळा होतो. भांडारवाले काका म्हणाले की ते दर आठवड्याला बघतात, आणि दर आठवड्याला एखादा नवा असतो.

आई, मला इथे राहायचंय. सहावं सत्र करायचंय. फॉर्म सोबत आहे.
तुझी, भिंगरी


१५ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण घाई करण्यासारखं काम नव्हतं. तुझ्या पहिल्या वर्षी रद्दीच्या दुकानातून मी तुमच्या कॉलेजची जुनी माहितीपुस्तिका आणली होती, आठवतं? नवी विकत घ्यायला माझा जीव झाला नव्हता, आणि तू नाक मुरडलं होतंस. ती घेऊन दहा दिवस दुपारी बसले. तुझ्या बाबांना वाटलं मी परीक्षेला बसते आहे.

रसायन मला कळलं नाही, पण क्रम कळला. बाही जोडायच्या आधी खांदा शिवून घ्यावा लागतो, तसंच सगळं आहे. सेंद्रिय रसायन तीन झालंय, म्हणून पॉलिमर घेता येतं, क्रेडिट चार. असेंद्रिय दोन आहे, म्हणून औद्योगिक रसायन, चार. प्रयोगशाळा सहा, चार. प्रकल्प, चार. झाले सोळा. उरलेल्या चारांनी माझा घाम काढला. जो विषय बघावा त्याला आधी गणित हवं, जे तू सोडून बसलीस. सगळी पुस्तिका पालथी घातली तेव्हा शेवटून दुसऱ्या पानावर एकच मिळाला: अवशेषांचे विश्लेषण. मंगळवारी तीन ते पाच, खोली नऊ. आधी वैश्लेषिक रसायन दोन हवं, ते या सत्रात होतंय. विद्यार्थी कमीत कमी दोन, असं खाली लिहिलंय, तेवढे असतीलच.

बेरीज सात वेळा केली, वीस आली. देवाचं नाव घेऊन रेघेवरून लिहिलं. शेवटचा विषय लिहिताना, रेघ कधीच वाळलेली असूनही, कागद ओला असल्यासारखा लागत होता. पण उमटलं.

वही काढून पाहिली. मे महिन्यापुढे तीन आहे. खाडाखोड नाही.

जप स्वतःला.
तुझी, आई


११ जानेवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

सहावं सत्र सुरू झालं आणि मी आहे. बिल्ल्यावर मे आहे, प्रयोगवही एकशेवीस पानांची, आणि मैत्रिणीने सहलीत मला धरलंय, वर सामान उचलायचं कामही दिलंय.

आता दुसरी गोष्ट. अवशेषांचे विश्लेषण हा विषय एकोणीस वर्षं शिकवलेला नाही. तुझी पुस्तिका तितकी जुनी आहे. कारकून म्हणाला की असा वर्गच नाही. पण त्याच्याच यादीत माझं नाव त्या विषयापुढे होतं, म्हणून त्याने शिक्का मारला. सोडला तर सोळाच उरतात, तेव्हा मंगळवारी तीन वाजता मी खोली नऊमध्ये गेले.

फळ्यावर कृती लिहिलेली होती. दोन तराजू मांडलेले. एकासमोर माझ्याच वयाची मुलगी बसली होती, एप्रनवर सतरा नंबर. तिने वर पाहिलं आणि म्हणाली की उशीर केलास, दोघी असल्याशिवाय सुरू करता येत नाही.

मी पळाले नाही. पळायला हवं होतं का, ते तू सांग. आम्ही वजनं घेतली. तिचा हात फार हलका आहे. ती म्हणाली की पाचव्याचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी हाक मारेना. सहाव्यात हाच विषय घ्यायचं तिने मनाशी ठरवलं होतं, पण कागदावर कुणी लिहिलं नाही. म्हणून येऊन बसते. माझं सहावं कुणी लिहिलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आईने. त्यावर तिने तराजूचा काटा शून्यावर आणला. मग विचारलं की तुझी आई माझंही लिहील का.

मी बाईंना विचारलं. तिचे काका आता हयात नाहीत. बाई म्हणाल्या की रेघ ओढणारा नसेल तर जो तिला आपली म्हणून सही करेल त्याने लिहिलं तरी चालतं. तिचा फॉर्म त्यांच्या खणात वरच होता. सोबत पाठवते. पत्र टाकायच्या आधी तिने एकदा हातात घेऊन वाचलं.

ती माझ्याबरोबर दारापर्यंत येते. पुढे येत नाही.
तुझी, भिंगरी


२२ जानेवारी

चि. भिंगरीस आणि चि. सतरा नंबरवालीस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा सकाळ होती. कागदाचा कोपरा कोरा होता. खिडकीत ठेवून कामाला लागले. चार वाजता पाहिलं तर त्या कोपऱ्यावर काळा अंगठा उमटला होता. भिंगरे, तुझा नाही तो. तुझ्या अंगठ्याला आडवी खूण आहे, हा अगदी स्वच्छ. तुझ्या बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं की ही पोरगी काही खाते की नाही.

पळायला हवं होतं का विचारतेस. मी घाबरले, खोटं सांगत नाही. तुझ्या शेजारी ती बसते या विचाराने हातातलं भांडं पडलं. मग वाटलं, तिच्या काकांच्या जागी मी असते तर रेघ मीही अशीच ओढली असती, अगदी पट्टी लावून, आणि उद्या तू कुणाच्या तरी लेकीला अशीच विचारत बसली असतीस.

तिचा फॉर्म भरला. तिने गणित सोडलेलं नाही, त्यामुळे तिला भौतिक रसायन तीनसुद्धा मिळतं. माझी मेहनत निम्मी झाली, शिकून घे काहीतरी. भौतिक तीन, पॉलिमर, प्रयोगशाळा सहा, प्रकल्प, आणि अवशेषांचे विश्लेषण. वीस. पालकाची सही माझी. नाते या रकान्यापाशी थोडी थांबले, मग आई असं लिहिलं. वहीत मे महिन्यापुढे चार केलंय. हे मात्र मी जागेपणी लिहिलं, शाईने.

पुढच्या मंगळवारी दारापाशी थांबू नका. तू आधी उंबरा ओलांड आणि मागे न बघता तिला हाक मार. तिचं नाव फॉर्मवर आहे, मी वाचलंय. ते इथे लिहीत नाही, ते तू मोठ्याने घ्यायचं आहेस. मेमध्ये दोघी या. अंथरुणं दोन घालते.

फॉर्मच्या तळाशी शेरा म्हणून एक रकाना आहे, दोघींच्याही. तिथे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. पट्टी हातात होती, हात शिवशिवत होता. तरी तो कोराच ठेवलाय.

दोघींची, आई