तू वाढवलेली दोन वर्षं

बाबा, तू कागदावर माझी दोन वर्षं वाढवलीस ना, ती आता वसूल होतायत. रागावून नाही हां लिहीत, हसूच येतंय. आई तुझ्याबरोबर मिठागरावर, मला बघायला घरी कोण नाही, म्हणून तू मला दादाच्या वर्गात बसवायला नेलंस. अजून दिसतोस, शाळेच्या दारात उभा, पाय मिठाने पांढरे. "मास्तर, पोर हाडानं बारीक हाय, पन सात वरसांची हाय," म्हणतोस. होते मी पाचाची! चौथीत शाळा सुटली, पण ते वय काही सुटलं नाही. दाखल्यावरून आधारवर गेलं, आधारवरून आजारपणाच्या पॉलिसीवर. म्हणजे बघ, दरवर्षी आपण हप्ता भरायचा, दवाखान्यात पडलो तर खर्च कंपनी देते. आणि वय चढलं की हप्ता चढतो. तुझ्यामुळे मी दोन वर्षं आधीच म्हातारी.

परवा माझी नात मोबाइल घेऊन नाचतच स्वयंपाकघरात आली. काय सांगू तुला, पोरगी आली की घर उजळतं, नाक तर अगदी तुझं. "आजी, नवीन कायदा येतोय! म्हाताऱ्यांचा हप्ता कंपन्यांना वाट्टेल तसा वाढवता येणार नाही." मी खूश होऊन तव्यावरची पहिली भाकरी तिलाच दिली. आणि तिच्या बापाला सांगितलं, "या वर्षी नको भरूस रे. कायदा आला की भरू."

मुलगा चिडला. "आई, अजून नुसता मसुदा आहे तो. मंजूर कधी होईल, कोणाला माहीत? पॉलिसी एकदा तुटली तर या वयात नवीन कोण देणार तुला?"

"मला काय धाड भरलीय? मिठागरावरची हाडं आहेत ही."

"शोकेसमध्ये ठेवू का गं?" नात म्हणाली. सगळे हसलो, विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी गॅलरीत बसले. माजिवड्याच्या या सातव्या मजल्यावरून खाडीची एक पट्टी दिसते. ती बघता बघता तुझं शेवटचं वर्ष आठवलं. तू पोटावर हात दाबून मीठ ओढतोयस. आई म्हणते, "अवो, दवाखान्यात चला." तू म्हणतोस, "मीठ उचललं की जाऊ." रोज तेच. मीठ उचललं बाबा, होड्या भरून गेलं. त्याच आठवड्यात तूही गेलास. मी किती वर्षं रुसून होते तुझ्यावर. आणि परवा माझ्याच तोंडून निघालं, कायदा आला की.

काल मुलाला म्हटलं, भरून टाक. त्याने माझ्यासमोरच भरला. कायदा येईल तेव्हा येवो.

हा कागद कुठे पाठवायचा, ते काही मला ठाऊक नाही. मिठाच्या बरणीखाली ठेवते. एक राहिलंच बघ. सकाळी देवापुढे वाकले की छातीत कळ येते, दिवाळीपासून. घरात अजून कोणाला बोलले नाही. पहिलं तुलाच सांगतेय.