खांद्यावरचं फूल

ॲम्ब्रोज,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं.

मम्मीला जाऊन रविवारी वर्ष होईल. त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेला घालायचं कापड तुलाही हवंय, असा तुझा मेसेज आला. दुबईत, देऱ्यातल्या माझ्या कापडछपाईच्या ऑफिसात आफ्रिकेतले कस्टमर अशा ऑर्डरी देतात. गेलेल्या माणसाचा फोटो सुती कापडावर छापायचा आणि घरच्या सगळ्यांनी त्याचेच कपडे शिवायचे. घानाची एक मॅडम म्हणाली होती, हे कापड ज्याच्या अंगावर, तोच घरचा.

मम्मीचंही तसंच छापलं. म्हणून मी नर्स सँड्राला दिलं. शेजारच्या प्रज्ञाला दिलं, ती हॉस्पिटलात रोज पेज आणायची. तू सख्खा भाऊ, रास अल खैमाला, दीड तासावर. अकरा दिवस फोनवर तेच, “उद्या नक्की येतो, इन्शाल्ला.” आणि मम्मी रोज सकाळी माझ्याकडून केस विंचरून घ्यायची.

फोटो तिनेच निवडून ठेवला होता. वसईच्या अंगणातला, तू पाच वर्षांचा, मागून तिच्या खांद्यावर हात टाकलेला. मी तुला कापलं. हात तेवढा राहिला. डिझायनरने विचारलं, “मॅडम, इस हाथ का क्या करूँ?”

“फूल बना दो,” मी म्हटलं.

सगळ्यांना तेच फूल आवडलंय.

हे पत्र पाठवणार नाही. तुला एवढाच मेसेज जाईल, ‘कापड खलास.’ सहा वार अजून कपाटात आहे.

मम्मीचं एकुलतं एक लेकरू,
नोरा